कार्बन फायबरचं वल्हं घरी: पातं कसं घडवावं

घरी केलेलं पातं वाया जातं ते शंभरातल्या नव्वद वेळा एकाच ठिकाणी: कार्बनचं कापड रेझिनमध्ये, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवताना. बाकी सगळं सुतारकाम आहे, ते हाताला येतं. त्यामुळे बाकीचं झटपट सांगतो आणि भिजवण्यावर थांबतो.

साचा म्हणजे वाकवलेली प्लायवूडची पाटी. खाली दोन-तीन फासळ्या, वर पातळ प्लाय, त्यावर गुळगुळीत लॅमिनेट. मेणाचे चार-पाच हात द्या, प्रत्येक हात वाळवून पुसा. पाण्याला रेटणारी बाजू साच्याला टेकलेली हवी. तीच चकचकीत निघते आणि तीच गुळगुळीत असायला हवी.

गाभ्याला 5-6 मिलिमीटरचा पीव्हीसी फोम घ्या. थर्माकोल नको, हवा ओढून घेणारा व्हॅक्यूम पंप लावला की चेपतो. आणि रेझिन इपॉक्सीच. पॉलिएस्टर स्वस्त म्हणून कुणी आणलंच, तर थर्माकोलचं डोळ्यांदेखत पाणी होईल. फोम पात्याच्या आकाराचा कापा, कडा घासून पातळ करा आणि दांड्याचं टोक बसेल एवढी खाच मध्यावर कोरा.

आता भिजवणं.

काचेचं कापड (फायबरग्लास) भिजलं की पारदर्शक होतं, कोरडा भाग पांढरा दिसतो, चूक लपत नाही. कार्बन आधी काळा, नंतरही काळा. म्हणून नवखा माणूस घाबरून रेझिन ओततच राहतो. ‘जास्त रेझिन म्हणजे जास्त मजबुती’ हा सल्ला ज्याने कुणी पहिल्यांदा दिला, त्याला माझं पहिलं पातं उचलायला द्यायला हवं. जुन्या लाकडी पात्यापेक्षा ते जड झालं होतं. दुसऱ्या वेळी उलटी चूक केली. हात आखडता घेतला आणि मधले धागे कोरडे राहिले. घासताना टकटक केलं तर एका जागी पोकळ आवाज आला. बोटाने दाबलं तर कापड फोमवरून सुटलं.

तेव्हापासून अंदाज बंद, वजनकाटा सुरू. पातं साधारण 46 बाय 18 सेंटिमीटरचं धरलं तर कापडाचा तुकडा 50 बाय 22 चा लागतो. 200 ग्रॅम प्रति चौरस मीटरच्या ट्विल (तिरप्या विणीच्या) कापडाचा असा तुकडा 22 ग्रॅम भरतो. दोन्ही बाजूंना दोन-दोन थर, म्हणजे चार तुकडे, 88 ग्रॅम. रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर मिळून तेवढंच, फार तर 90 ग्रॅम. दोघांचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं. ते वजनाचं आहे की मापाचं, हे नीट वाचा. ‘लवकर सुकावं’ म्हणून हार्डनर वाढवू नका. त्याने वेग वाढत नाही, पातं चिकट आणि मऊ राहतं.

कालवलेलं मिश्रण उभ्या पेल्यात ठेवू नका. स्वतःच्याच उष्णतेने ते तापतं. माझा एक पेला धूर सोडत अंगणात गेला होता. पसरट ताटलीत ओता, जास्त वेळ मिळतो.

कापड साच्यावर भिजवूच नका. टेबलावर जाड पारदर्शक प्लास्टिक पसरा. पात्याचा आकार मार्करने त्याच्या खालच्या बाजूला आधीच काढून ठेवा. वर कापड, त्यावर मोजलेलं रेझिन, त्यावर दुसरं प्लास्टिक. मग प्लास्टिकच्या पट्टीने मधून कडेकडे हलक्या हाताने ओढत जा. जोर लावला की ट्विलच्या तिरप्या रेघा वाकड्या होतात, त्या पुन्हा सरळ होत नाहीत. आता सगळं उचलून उलटं करा आणि तिरप्या उजेडात बघा. राखाडी, राखेसारखे धागे दिसले तर तिथे कोरडं आहे. आरशासारखं चकाकलं आणि विणीच्या खाचा बुजल्या, तर रेझिन जास्त झालंय. पट्टीने कडेला काढून टाका. वीण स्पष्ट दिसावी आणि रंग खोल, ओला काळा हवा. एकदा नजरेत बसला की विसरत नाही.

मग प्लास्टिकसकट रेघेवरून कापा. दोन प्लास्टिकमधलं ओलं कापड कडेला उसवत नाही, हा या पद्धतीचा खरा फायदा. प्रत्येक बाजूचा एक थर सरळ आणि एक 45 अंशांत फिरवलेला ठेवा, म्हणजे पातं पिळवटत नाही.

प्लास्टिक सोलून साच्यावर दोन थर, फोम, पुन्हा दोन थर. त्यावर पील-प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), भोकं असलेली फिल्म, जास्तीचं रेझिन शोषून घेणारं कापड आणि पंपाला जोडलेली हवाबंद पिशवी. पिशवी त्याआधी कोरडीच एकदा लावून, हवा काढून पंप बंद करा. दहा मिनिटांत दाबाचा काटा घसरला तर गळती आहे. ती आत्ताच शोधा, रेझिन कालवल्यावर नाही. रात्रभर पंप चालू ठेवा.

दुसऱ्या दिवशी पातं सोडवा, साबणाच्या पाण्याने धुवा आणि मगच घासा. हार्डनरचा चिकट थर पाण्याने जातो, सॅंडपेपरने तो फक्त पसरतो. घासणं ओलंच, मास्क लावून, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून. कार्बनची धूळ खाज आणते आणि वीजही वाहते, त्यामुळे घरातली यंत्रं दूर ठेवा. कडेला इपॉक्सीत काचेचे बारीक तंतू कालवून पट्टी द्या, दगडावर आपटतं ते तिथेच. शेवटी यूव्ही वार्निश, कारण उघडं इपॉक्सी उन्हात पिवळं पडून भुसभुशीत होतं.

दांडा ॲल्युमिनियमचा असेल तर मध्ये काचेच्या कापडाचा एक थर हवाच. खाऱ्या पाण्यात कार्बनला टेकलेलं ॲल्युमिनियम गंजतं. चिकटवताना आधी हॉट-मेल्ट (गरम केल्यावर वितळणारा गोंद) वापरा. वल्ह्याच्या दोन टोकांच्या पात्यांमधला कोन मनासारखा नसला तर गरम करून फिरवता येतं. आणि पातं दोन्ही बाजूंना सारखं नसेल, तर दुसऱ्यासाठी प्लास्टिकवरचा आकार उलटा काढायला विसरू नका. माझ्याकडे दोन डावी पाती पडून आहेत, उत्कृष्ट भिजलेली.