जुन्या गिऱ्हाइकाचं इंग्रजीत स्वागत कसं करावं

कोरेगाव पार्कात माझं शिवणकामाचं छोटं दुकान आहे. कुर्ते, ब्लाउज आणि सगळ्यात जास्त ऑल्टर. ओशो आश्रम इथे १९७४ पासून, त्यामुळे परदेशी माणूस या गल्ल्यांना नवा नाही. शिवाय विमाननगरला सिंबायोसिसमध्ये शिकणारी मुलं आणि दिल्ली-बंगळूरहून आलेली आयटीवाली मंडळी. सगळ्यांशी बोलायचं ते इंग्रजीतच.

एक बाई दोन महिन्यांनी आल्या, तेव्हा मी आनंदाने विचारलं, ‘व्हेअर वेअर यू?’ मनात होतं, ‘कुठे होतात इतके दिवस?’ त्या बावरल्या आणि कुठे गेले, का गेले, सगळा हिशेब देऊ लागल्या. मी जणू हजेरीच घेत होते! अशा वेळी ‘हाउ हॅव यू बीन?’ विचारायचं. ‘इतके दिवस कशा होतात’ हे त्यात आपसूक येतं.

पहिली गोष्ट, ‘मीट’ आणि ‘सी’मधला फरक. ‘नाइस टू मीट यू’ फक्त पहिल्या भेटीत. तिसऱ्यांदा आलेल्याला तेच म्हटलंत, तर त्याला वाटेल यांनी मला ओळखलंच नाही. तिथे ‘गुड टू सी यू अगेन’. गावाला जाऊन आलेल्याला ‘वेलकम बॅक’ छान वाटतं, रोज येणाऱ्याला साधं ‘हाय’ पुरे. आणि रात्री नऊला कुणी आलं तरी ‘गुड इव्हनिंग’च. ‘गुड नाइट’ म्हणजे निरोप.

‘या या’चं ‘कम, कम’ करू नका, लहान मुलाला बोलावल्यासारखं वाटतं. मी सरळ ‘या’ म्हणते, लोकांना आवडतं. ‘बोला’च्या जागी ‘टेल मी’ नको, ‘व्हॉट कॅन आय डू फॉर यू टुडे?’ म्हणा.

आता खरी युक्ती. माझ्या मापाच्या वहीत नावापुढे मी एकच शब्द लिहून ठेवते: ‘लग्न’, ‘परीक्षा’, ‘गोवा’. पुढच्या वेळी माप काढायला वही उघडली की विचारायचं, ‘हाउ वॉज द वेडिंग?’ चार शब्द, व्याकरणाची भीती नाही, पुढचं सगळं गिऱ्हाईक बोलतं. आपण मान हलवत टेप धरायची. पण वहीत नाही ते उकरू नका. नवरा, पगार, मुलं कधी, हे प्रश्न मराठीतसुद्धा जरा जपूनच!

नाव आठवत नसेल तर ‘युअर गुड नेम?’ कशाला? ते आपल्या ‘शुभनाम’चं शब्दशः इंग्रजी. ‘सॉरी, कुड यू रिमाइंड मी ऑफ युअर नेम?’ म्हणा, किंवा मागची पावती मागून घ्या.

आपल्याकडे ‘बारीक झालात!’ ही मायेची विचारपूस आहे. इंग्रजीत अंगावरची टिप्पणी अजिबात नको, टेप दोन इंच कमी दाखवत असली तरी. ‘आय विल टेक इट इन अ लिटल’ म्हणायचं, म्हणजे बाजूने आत घेते. सैल करायचं असेल तर ‘आय विल लेट इट आउट’. वजनाचं नाव नाही.

निघताना ‘सी यू ऑन थर्सडे’ म्हणा. वार सांगितला की माणूस नक्की येतो. फक्त गुरुवारी कपडा तयार हवा. नसला तर ‘सो सॉरी, इट्स नॉट रेडी येट’, आणि शेजारून दोन कटिंग चहा.