जेएफकेवर रात्र काढायची असेल तर

नागपूरहून अमेरिकेला जाताना न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर रात्र पडणार असेल, तर टीडब्ल्यूए हॉटेलचा विचार जरूर करा. टीडब्ल्यूए या जुन्या अमेरिकी विमान कंपनीसाठी वास्तुकार ईरो सारिनेनने रचलेलं हे टर्मिनल १९६२ मध्ये सुरू झालं, २००१ मध्ये बंद पडलं आणि २०१९ पासून हॉटेल आहे. खोली धावपट्टीकडचीच मागा. काच इतकी जाड की विमान डोळ्यांसमोरून उडतं, पण झोप मोडत नाही. खाली उतरून तो फडफड करत अक्षरं पालटणारा विमानांच्या वेळांचा जुना फलक बघाच! नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर रात्री उतरणाऱ्या टपाल विमानांच्या गोष्टी ऐकलेल्या आजोबांना तर तिथून हलावंसं वाटणार नाही. हॉटेल सुरक्षा तपासणीच्या बाहेर आहे, म्हणून सकाळी तपासणीसाठी वेळ हाताशी ठेवा. थांबा थोड्या तासांचाच असेल, तर दिवसापुरतीही खोली मिळते.