बडोद्याचा राजवाडा एका दिवसात बघायचा तर

मुंबईहून पहाटे निघून रात्री घरी परतायचं आणि मधल्या वेळात लक्ष्मीविलास राजवाडा मनासारखा बघायचा, तर सगळ्यात आधी वार बघा. सोमवारी राजवाडा बंद असतो. मग तिकिटं, आणि त्यातही आधी परतीचं. रविवारी संध्याकाळी मुंबईकडे येणाऱ्या गाड्या भरलेल्या असतात, आणि ऑनलाइन काढलेलं तिकीट शेवटपर्यंत वेटिंगवर राहिलं तर आपोआप रद्द होतं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हाच उरकून टाका. उपनगरात राहत असाल तर बोरिवलीला थांबणारी गाडी निवडा. कॉलेजचं ओळखपत्र आणि आधार, दोन्ही जवळ असू द्या.

राजवाड्यात आत फोटो काढू देत नाहीत. म्हणून वही-पेन्सिल घ्या आणि आधीच्या आठवड्यात थोडं वाचून जा. मला ही तयारी बाकी सगळ्यांपेक्षा मोलाची वाटते. मालेगावजवळच्या कवळाण्यातला एक शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये बाराव्या वर्षी दत्तक येऊन बडोद्याचा सयाजीराव गायकवाड झाला. त्यानेच हा वाडा बांधवला आणि त्यानेच १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. हे माहीत असलं की दरबार हॉलची व्हेनिसच्या धाटणीची मोझेइक फरशी आणि बेल्जियमच्या रंगीत काचा बघताना नुसतं वैभव दिसत नाही. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. त्यांच्या मृत्यूनंतर रॉबर्ट चिझम यांनी काम पुढे नेलं आणि १८९० मध्ये वाडा पूर्ण झाला. घुमट, कमानी, जाळ्या कुठल्या कुठल्या परंपरेतून आल्या आहेत, ते बाहेरच्या हिरवळीवर बसून वहीत काढून बघा.

आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्मांची मूळ चित्रं आहेत. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये आपल्या गिरगावात सुरू झाला होता. आजीच्या देवघरात जुनी छापील लक्ष्मी किंवा सरस्वती असेल तर निघण्याआधी ती नीट निरखा: साडीचे रंग, हातांची ठेवण. मग तैलरंगातलं काम समोर आल्यावर छपाईत काय हरवलं ते तुमचं तुम्हाला कळेल.

पायात रोजचेच बूट, डोक्याला टोपी, पाण्याची बाटली, डब्यात दशम्या. मे महिन्यात जाऊ नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

सयाजीबाग शेवटी ठेवा, कारण ती स्टेशनजवळ आहे. १८७९ मध्ये सयाजीरावांनी ती लोकांसाठी केली. १९१३ मध्ये त्यांच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेलेले बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीला आले, तेव्हा जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळाली नाही. ते याच बागेत झाडाखाली बसले आणि त्यांनी जातिभेदाविरुद्ध आयुष्यभर लढण्याचा निश्चय केला. त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात. विद्यार्थी म्हणून जाताय, तर इथे घाईने जाऊ नका. वेळ कमी पडला तर बागेतलं संग्रहालय सोडा, ही जागा नको. बागेलगतच्या विश्वामित्री नदीत मगरी आहेत, काठाशी उतरायचं नाही. आणि गाडीच्या अर्धा तास आधी फलाटावर पोहोचा.