तिसऱ्या पक्षाने निकाल फिरवला का, हे कसं तपासायचं
निकाल लागला की लगेच "मतं खाल्ली" म्हणू नका, आधी निवडणूक आयोगाच्या साइटवरून मतदारसंघाचे आकडे काढा, पहिल्या दोघांतला फरक आणि तिसऱ्याची मतं शेजारी लिहा. २०१९ च्या लोकसभेला नांदेडमध्ये काँग्रेसचे अशोक चव्हाण साधारण ४० हजारांनी पडले आणि वंचित बहुजन आघाडी या तिसऱ्या पक्षाच्या उमेदवाराला दीड लाखाच्या वर मतं पडली, म्हणजे शंकेला जागा आहेच, पण ती सगळी काँग्रेसलाच गेली असती असं कसं धरायचं, काहीजण मतदानालाच गेले नसते ना. म्हणून २०१४ चे आकडे पण घ्या आणि जमलं तर फॉर्म २० (प्रत्येक बूथवरच्या मतांचा अधिकृत तक्ता) मिळवून बूथनुसार कुठे कोणाचं घटलं ते बघा, वेळ जातो पण खरं चित्र तिथंच दिसतं.

औरंगाबाद वेगळं मोजा, तिथे वंचितसोबतच्या एमआयएमचे इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी थेट जिंकले. अशा मतदारांना नुसतं "मतं फोडणारे" म्हणणं मला अजिबात पटत नाही.

देशपातळीवर मतं आणि जागा वेगळ्या मांडा, ब्रिटनमध्ये २०२४ ला रिफॉर्म यूकेला १४ टक्के मतांवर ५ जागा, लिबरल डेमोक्रॅट्सना १२ टक्क्यांवर ७२!