रिमोटवरच्या सरकत्या गेटची सेफ्टी स्वतः कशी तपासायची

जुळे सोलापूर म्हणा नाहीतर होटगी रोड, नवा बंगला झाला की रिमोटवरचं सरकतं गेट आलंच. फिटर मोटर बसवतो, दोन रिमोट हातात देतो, पैसे घेऊन जातो, आणि तिथून पुढं ते तीन-चारशे किलोचं लोखंड तुमचं. काही झालं तर लोक आधी मालकाच्या दारात येतात, आणि पोलिससुद्धा. यंत्राच्या बाबतीत हलगर्जीपणा केला तर भारतीय न्याय संहितेत कलम २८९ आहे, हलगर्जीपणानं कुणाचा जीव गेला तर कलम १०६, त्यात ५ वर्षांपर्यंत कैद. "पोरांना सांगा गेटजवळ जाऊ नका" एवढ्यावर भागत नाही, पोरं जाणारच.

आधी मेन बंद करा आणि रिलीजच्या चावीनं मोटर फ्री करून गेट हातानं ढकला. एका हातानं गेलं पाहिजे आणि सोडाल तिथं थांबलं पाहिजे. जड जात असेल किंवा उतारानं आपोआप पळत असेल तर फॅब्रिकेटरला बोलवा, मोटरवाल्याचं ते कामच नाही.

मग तसंच हळूहळू दोन्ही टोकांपर्यंत न्या, दुसरा माणूस सोबत घ्या आणि गेट पडेल त्या अंगाला कुणी उभं राहू नका. टोकाला लोखंडी स्टॉपरवर धडकून गेट थांबलं पाहिजे. "लिमिट स्विच (टोकाला मोटर बंद करणारं बटण) आहे की, स्टॉपर कशाला" असं जो फिटर म्हणतो त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. लिमिट बिघडला की मोटर गेटला रुळाच्या बाहेर ढकलत राहते आणि अख्खं गेट आडवं होतं. गेटला उभं धरणाऱ्या वरच्या गाईड रोलरचे नटपण आत्ताच आवळून घ्या.

आता फोटो सेन्सर, मला सगळ्यात जास्त छळलेली गोष्ट. दोन खांबांवर समोरासमोर दोन डब्या असतात, एक (ट्रान्समीटर) न दिसणारा किरण सोडते, दुसरी (रिसीव्हर) तो पकडते. मधे काही आलं की रिसीव्हरचा कॉन्टॅक्ट तुटतो आणि बंद होणारं गेट थांबून मागं जातं. ऐकायला सोपं आहे. पण गेटचं तोंड दक्षिणेला किंवा उत्तरेला असेल तर किरण पूर्व-पश्चिम जातो, आणि पूर्वेच्या खांबावरच्या रिसीव्हरवर संध्याकाळचं तिरकं ऊन थेट पडतं, मग रोज त्याच वेळेला गेट बंदच होईना. मालक वैतागून फोन करतो, फिटर येतो, मोटरच्या कंट्रोल बोर्डावर फोटो सेन्सरच्या टर्मिनलमधे वायरचा एक तुकडा (जंपर) टाकून कॉन्टॅक्ट शॉर्ट करतो, म्हणतो "झालं काम". काम झालं म्हणजे सेन्सर मेला, डबीवरचा लाईट मात्र तसाच पेटलेला. काही बोर्डात तर हा जंपर कंपनीतूनच लावून येतो आणि सेन्सर जोडताना काढायचा राहून जातो.

म्हणून लाईटवर विश्वास ठेवू नका, टेस्ट करा. गेट उघडं असताना रिसीव्हरवर पुठ्ठा धरायला एकाला लावा, त्याला गेटच्या वाटेच्या बाहेर उभं करा, आणि रिमोट दाबा. गेट हललं तर जंपर आहे. नाही हललं तर पुठ्ठा काढा, गेट बंद व्हायला सोडा आणि अर्ध्या वाटेत लांब काठी किरणात घाला, लगेच थांबून उलटं गेलं पाहिजे. उन्हाचा त्रास असेल तर डब्यांची अदलाबदल करा, म्हणजे झाडाची किंवा घराची सावली असेल त्या बाजूला रिसीव्हर आणा, नुसती बाजू बदलून सकाळचं ऊन खाल्लं तर काय फायदा? वर पत्र्याची छोटी टोपी करा. आणि वळवाच्या वादळानंतर काच पुसा, आपल्याकडची धूळ काय असते ते सांगायला नको.

डबी साधारण दीड फुटावर लावा, लहान पोर आणि कुत्रं दोन्ही त्यात सापडतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कारखान्याचं गेट असेल तर एक जोडी पुरत नाही, ट्रकच्या चाकांच्या मधून किरण आरपार जातो आणि गेट ट्रकवर येतं. दुसरी जोडी वर लावा, ट्रान्समीटर-रिसीव्हर उलट बाजूंना, नाहीतर एकाचा किरण दुसरा पकडतो.

सेन्सर फक्त किरण तुटला तरच कळवतो, म्हणून फोर्स, म्हणजे गेट किती जोरानं ढकलतं, ते पण बघा. रिकामा पुठ्ठ्याचा मोठा खोका किरणाच्या वर किंवा खाली, गेटच्या वाटेत ठेवा, आपला हात किंवा पाय अजिबात नाही. खोका चेपून पुढं निघालं तर फोर्स जास्त आहे. युरोपच्या ईएन १२४५३ या सेफ्टीच्या स्टँडर्डमधे चिमटीत सापडायच्या अरुंद जागेला ४०० न्यूटन, म्हणजे साधारण ४० किलोच्या वजनाएवढा दाब, ही धडकेची मर्यादा आहे. गेट मधेच अडतंय म्हणून फोर्स वाढवायचा सल्ला हमखास मिळेल, तो मुळीच ऐकू नका, आधी रुळातली माती काढा.

उघडताना गेटचं शेपूट भिंतीमागं जातं तिथं सेन्सर नसतो आणि जाळीत घातलेला हात खांबात ओढला जातो. अमेरिकेच्या यूएल ३२५ या स्टँडर्डप्रमाणे गजांच्या फटीतून सव्वादोन इंचाचा गोळा जाता कामा नये, तेव्हा पत्रा किंवा बारीक जाळी लावून घ्या. बटण गेटपासून किमान ६ फूट लांब, पण गेट दिसेल अशा जागी.

माणसांसाठी वेगळं छोटं गेट ठेवा, नसेल तर ऑटो-क्लोज (गेट आपोआप बंद होणं) बंद करा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे येतात, त्यांच्या पोरांना हे गेट म्हणजे खेळणंच वाटतं, त्या दिवसांत रिमोट खाली ठेवू नका.

रिलीजची चावी वॉचमनला आणि घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा, लाईट गेल्यावर नुसती चावी असून उपयोग नाही, गेट मोकळं कसं करायचं हे हातानं एकदा करून बघितलेलं पाहिजे. बोर्डाच्या डब्यात मुंग्या आणि पाली घुसतात, भोकं सिलिकॉननं बंद करा. पुठ्ठ्याची आणि खोक्याची टेस्ट दर महिन्याला, तारीख वहीत लिहून, आणि भाडेकरू बदलला तर त्याच्यासमोर.