पावसाआधी जुना सर्व्हर व्हर्च्युअल मशीनमध्ये हलवताना

कोल्हापुरात उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावातल्या एखाद्या मशीन शॉपच्या ऑफिसात डोकावलात, तर कोपऱ्यात विंडोज ७ चा एक डबा, म्हणजे जुना कॉम्प्युटर, हमखास सुरू असतो. त्यात कॉस्टिंगचं किंवा बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर, मागं लावलेला डोंगल (ज्याच्याशिवाय ते सॉफ्टवेअर उघडत नाही अशी छोटी किल्ली), आणि ते लिहून देणारा माणूस पुण्याला गेलेला. मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० ला विंडोज ७ चे अपडेट थांबवले, तरी चालतंय म्हणून कुणी हात लावत नाही. व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. एकदा तसं करून घेतलं की अख्खा डबा म्हणजे डिस्कवरच्या दोन-चार फायली. पंचगंगा चढायला लागली की त्या उचलून नेता येतात. म्हणून हे काम मृग लागायच्या आधी, मे महिन्यातच उरका.

सुरुवात नव्या मशीनपासून. १६ जीबी रॅम हवी. त्यातली ४ आतल्या विंडोज ७ ला भरपूर होते. अर्ध्याहून जास्त देऊ नका, बाहेरचं मशीन अडखळलं की आतलंही अडखळतं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू, तिथं खाली व्हर्च्युअलायझेशन एनेबल्ड दिसलं पाहिजे. नसेल तर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन इंटेलवर व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम सुरू करायचं. इंटेलच्या चिपमध्ये ही सोय २००५ पासून आहे, पण बऱ्याच बोर्डांवर ती बंदच येते. एकच व्हीएम चालवायची तर विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स हे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर टाकून भागतं. तीन-चार चालवायची असतील तर मधे विंडोज न ठेवता थेट हार्डवेअरवर बसणारा प्रॉक्समॉक्स घ्या, मात्र मग तो सांभाळणारा माणूसही लागतो. व्हर्च्युअलबॉक्सच्या खालच्या पट्टीवर हिरवं कासव दिसलं तर विंडोजचं हायपर-व्ही (तिची स्वतःची व्हीएमची सोय) किंवा मेमरी इंटिग्रिटी (सुरक्षेची सोय) आधीच चालू आहे असं समजा. ते बंद होईतो मशीन रडतखडतच चालणार.

जुन्या डिस्कची नक्कल काढण्याआधी डोंगलचं बघा, कारण बहुतेक घोडं तिथंच अडतं. चाचणीपुरती एक व्हीएम करून तीत नुसती विंडोज टाका, तिच्या सेटिंगमध्ये यूएसबीखाली डोंगलचा फिल्टर टाका आणि आतल्या विंडोजला तो दिसतो का ते तपासा. प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टात बसणारा डोंगल असेल तर थांबा, आधी सॉफ्टवेअरवाल्याला गाठून यूएसबीचा मागून घ्या. कुणी व्हर्च्युअलबॉक्सचा एक्स्टेन्शन पॅक (वरच्या सोयींची जोड) टाकायला सांगितलं तर लक्षात असू द्या, धंद्याच्या कामाला तो फुकट नाही.

मग नक्कल. मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स या टूल्सच्या संचातलं डिस्कटूव्हीएचडी चालू मशीनवरूनच डिस्कची फाईल करून देतं. त्यातली व्हीएचडीएक्सची (व्हीएचडी या डिस्क-फाईलीचा नवा प्रकार) टिक काढा. व्हर्च्युअलबॉक्सला साधी व्हीएचडी मानवते. त्याच वेळी वहीत दोन गोष्टी उतरवा: जुना डबा लेगसी बायोसवर चालतो की यूईएफआयवर (सुरू होण्याची जुनी आणि नवी पद्धत), आणि त्याची डिस्क आयडीई मोडवर आहे की एएचसीआयवर (डिस्क जोडण्याच्या दोन पद्धती). ती फाईल नव्या व्हीएमला डिस्क म्हणून जोडताना हे जुळलं नाही तर सुरू होतानाच निळा पडदा येतो, आणि एररच्या शेवटी ७बी दिसतं. असं झालं तर घाबरून पुन्हा नक्कल काढत बसू नका, व्हीएमच्या सेटिंगमधला डिस्कचा कंट्रोलर बदलून बघा. विंडोज डब्यासोबतच आलेली, म्हणजे ओईएम, असेल तर लायसन्स त्या डब्यापुरतंच असतं, त्याची सोय वेगळी करा.

ऑफिसातल्या बाकीच्यांना सर्व्हर दिसायला हवा, म्हणून व्हीएमचं नेटवर्क ब्रिज्ड ठेवा (म्हणजे ती ऑफिसच्या नेटवर्कवर वेगळ्या मशीनसारखी दिसते), आणि तेही केबलवर. वायफायवर ब्रिज दगा देतो. आतला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) हातानं द्या, गेटवेचा (बाहेर इंटरनेटकडं जायच्या वाटेचा) रकाना मोकळा सोडा. अपडेट नसलेल्या विंडोजला इंटरनेटची वाट दाखवायची नाही.

स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणं, काही बदल करण्याआधी घ्या, काम जमलं की काढून टाका. त्यालाच बॅकअप समजणारे खूप भेटतात. स्नॅपशॉट मूळ डिस्कवर टेकलेला असतो. मूळ फाईल गेली की तोही गेला. व्हीएमला लागेल तशी वाढत जाणारी डिस्क निवडली असेल तर बाहेरच्या मशीनच्या ड्राइव्हवरची मोकळी जागा अधूनमधून बघत जा. ती संपली की व्हीएम जागच्या जागी थांबते.

खरा बॅकअप म्हणजे व्हीएम नीट बंद करून काढलेली ओव्हीए फाईल, जिच्यात अख्खी व्हीएम बांधलेली असते. त्यासाठीची बाहेरची डिस्क एनटीएफएसवर फॉरमॅट करा, कारण फॅट३२ वर ४ जीबीच्या पुढची एक फाईल बसत नाही. डिस्क दोन घ्या. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. कारखाना शिरोलीत आणि डिस्क राजारामपुरीतल्या घरी, किंवा उलट, असं असेल तर बॅकअप असून नसल्यासारखा. म्हणून एक नदीच्या अलीकडं, एक पलीकडं, आणि दोन्ही वरच्या मजल्यावर. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ धोक्याची. इशाऱ्याची बातमी आली की त्याच संध्याकाळी शेवटची ओव्हीए काढायची, हे कुणाचं काम ते आत्ताच ठरवा. पासवर्डही दोघांना तरी माहीत हवा.

ओव्हीए एकदा दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून बघा. आधी त्या व्हीएमची नेटवर्क केबल सेटिंगमधून काढा, नाहीतर एकाच आयपीची दोन मशीनं भांडतात. डोंगल लावून कालचं बिल उघडा आणि प्रिंट काढा. नुसतं डेस्कटॉप दिसलं म्हणून खूश होऊ नका.

यूपीएसची बॅटरी बदला. लाईट गेल्यावर आतली विंडोज बंद करायला आणि मग बाहेरची, एवढा वेळ तिनं तग धरला पाहिजे. जुना डबा मात्र इतक्यात भंगारवाल्याला देऊ नका. एक महिनाअखेर आणि एक जीएसटी रिटर्न नव्यावरून जाऊ दे, तोवर केबल काढून माळ्यावर राहू दे.