रेडमाइनमध्ये ऑफिस फाइल एकत्र एडिट करताय? या चुका टाळा

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंट्रोल प्लॅन, तपासणी अहवाल, कोटेशन या फाइलींवर एकाच वेळी चार जणांचे हात लागतात. रेडमाइन म्हणजे कामांची (टास्कची) नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, आणि ओन्लीऑफिस म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा ऑफिस-एडिटर. रेडमाइनला ओन्लीऑफिसचं प्लगइन जोडलं की टास्कला लावलेली फाइल ब्राउझरमध्येच उघडते आणि डिझाइन व क्वालिटीची माणसं एकत्र लिहू शकतात. मात्र फाइलची प्रत एकच राहिली, तरच या सोयीला अर्थ आहे.

सर्वांत महागडी चूक म्हणजे फाइल डाउनलोड करायची, वर्डमध्ये दुरुस्त करायची आणि पुन्हा अपलोड करायची. त्याच नावाची फाइल चढवली तरी रेडमाइन जुनी बदलत नाही, शेजारी दुसरी जोडतं. ज्याच्याकडे जुनी उघडी आहे तो तिच्यातच लिहीत राहतो. अशा वेळी नवा टॉलरन्स (मापात चालणारी तफावत) एका प्रतीत, ग्राहकाचा शेरा दुसऱ्या प्रतीत, आणि मशीनवरच्या माणसाच्या हाती व्हॉट्सॲपवरून आलेली तिसरीच प्रत. म्हणून फाइल पाठवूच नका, टास्कची लिंक पाठवा. जुन्या प्रती हटवा किंवा त्यांच्या नावात 'रद्द' लिहा.

दुसरी तक्रार नेहमीची: ‘मी बदल केला, पण डाउनलोड केल्यावर दिसत नाही.’ एडिटरमधले बदल आधी डॉक्युमेंट सर्व्हरवर, म्हणजे ओन्लीऑफिसच्या सर्व्हरवर, साठतात. शेवटच्या माणसाने एडिटर बंद केला की साधारण १० सेकंदांनी पूर्ण फाइल रेडमाइनकडे जाते. कोणी टॅब उघडी ठेवून घरी गेलं, तर टास्कमध्ये जुनीच फाइल दिसत राहते. काम झालं की टॅब बंद करायची, ही शिस्त मी प्रशिक्षणात सगळ्यांत आधी लावेन.

याच कारणाने लोक लिहीत असताना सर्व्हर थेट रीस्टार्ट करू नका. त्याआधी चालवायची 'प्रिपेअर फॉर शटडाउन' ही स्क्रिप्ट ओन्लीऑफिससोबतच येते. ती एडिटर बंद करून बदल जतन करते, तिला काही मिनिटं द्या. पावसाळ्यात वीज जाते तिथे सर्व्हरला यूपीएस हवाच.

एडिटिंगचे प्रकार दोन. फास्टमध्ये प्रत्येक अक्षर लगेच सर्वांना दिसतं. स्ट्रिक्टमध्ये सेव्ह दाबेपर्यंत तुमचे बदल तुमच्यापुरते राहतात आणि तुम्ही लिहीत असलेला भाग इतरांसाठी लॉक होतो. बैठकीच्या नोंदींना फास्ट ठीक आहे. दराच्या तक्त्यासाठी मी स्ट्रिक्टच निवडेन, कारण अर्धवट टाकलेला आकडा कोणी वाचून फोनवर सांगून टाकतं.

फाइल मुळात उघडतच नसेल तर तीन गोष्टी पाहा. सेटिंगमधल्या सर्व्हरच्या पत्त्यात 'लोकलहोस्ट' (म्हणजे 'हेच मशीन') आहे का? रेडमाइन आणि डॉक्युमेंट सर्व्हर या दोघांनाही एकमेकांपर्यंत पोचता आलं पाहिजे. रेडमाइन एचटीटीपीएसवर आणि एडिटर साध्या एचटीटीपीवर असेल तर ब्राउझर तो अडवतो. आणि सिक्युरिटी टोकनचा मेसेज आला तर दोन्हीकडची सीक्रेट की तंतोतंत जुळते का ते तपासा. ही टोकनची तपासणी (जेडब्ल्यूटी) ओन्लीऑफिसच्या आवृत्ती ७.२ पासून आपोआप चालू असते.

मराठी मजकुराचा प्रश्न वेगळा. लिनक्स सर्व्हरवर विंडोजचा मंगल फॉन्ट सहसा नसतो, त्यामुळे दुसराच फॉन्ट वापरला जातो, ओळी सरकतात आणि एका पानाचं पत्र दीड पानाचं होतं. नोटो सान्स देवनागरीसारखा मोफत फॉन्ट सर्व्हरवर टाका, ओन्लीऑफिसची फॉन्टयादी पुन्हा तयार करा, ब्राउझरची कॅश साफ करा आणि ऑफिसच्या सगळ्या नमुना-फाइलींत तोच फॉन्ट ठेवा. जुनी पत्रं शिवाजी किंवा श्रीलिपी अशा युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टांत टाइप केली असतील तर अक्षरांऐवजी रोमन चिन्हांचा गोंधळ दिसेल. तो मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा, मगच फाइल टास्कला लावा.